डोक्याची मोजणी

पुणे, ६ जानेवारी २०२५

नाना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. डोकं हाच सध्या माझ्या नोकरीचा विषय असल्यामुळे जरा जपून ठेवते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोन करत नाही. तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि काकी कायम फोनपाशी. म्हणून हे पत्र, तेही घरी न पाठवता दूध डेअरीच्या पत्त्यावर.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, "पोरी, दिवसभर त्या संगणकात बघतीस तरी काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आपल्या आबांना शेवटी माणसं ओळखेनाशी झाली होती ना? सगळ्यांना शर्यतीच्या बैलाच्या नावाने, 'हिऱ्या' म्हणूनच हाक मारायचे. तसल्या आजारांवर आमच्याकडे संशोधन चालतं. मोठं मशीन मेंदूचे फोटो काढतं आणि मी त्या फोटोंची मोजणी करणारं सॉफ्टवेअर बनवते. शेताची मोजणी करायला माणूस येतो, हद्दी टाकतो, कुणी कुणाचा बांध कोरला ते सांगतो, तसंच. मेंदूतला आठवणींचा तुकडा केवढा, तो कुठे आकसलाय का, हे ते सांगतं. जिथे जमीन गेलेली दिसेल तिथे लाल रंग भरतं.

अडचण अशी की ते सगळं शिकलंय परदेशी माणसांच्या फोटोंवर. आजाऱ्यांशी ताडून बघायला आपल्याकडची साठीच्या पुढची, धडधाकट, डोकं शाबूत असलेली माणसं हवी आहेत. तीन-चार जण जमवाल का? सुई नाही, औषध नाही. आडवं पडायचं आणि हलायचं नाही, एवढंच. मात्र हे संशोधन असल्यामुळे कुणाचा फोटो कसा आला हे सांगायची मला परवानगी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमची,
समृद्धी


लोणी, १३ जानेवारी

चि. समृद्धी,

ओझरच्या विघ्नहराच्या कृपेने इकडे सर्व क्षेम आहे. तुझं पत्र मी डेअरीवर वाचून दाखवलं. 'डोकं शाबूत असलेली माणसं' या अटीपाशी आल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मग केवलचंद शेठ म्हणाले, "आपण येणार. आमची बायको धापूबाई रोज सांगते, तुम्हाला डोकंच नाही. एकदा फोटोच आणून दाखवतो." शेठ म्हणजे आमचे किराणा दुकानवाले, त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आता आमच्यापेक्षा जास्त लोणीचे आहेत. सावळेराम, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, म्हणाला, "आडवं पडून काम व्हतंय? आन् आमी जल्मभर स्टेअरिंगवर बसून कंबर मोडली राव!" तोही तयार झाला. मी तर आहेच.

चौथा चिमाजी. तू विचारशील की चिमाजी कशाला. हा माणूस स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्याला भलत्याच गावात गेला, तिथे जेवला, आहेर केला, नवरा मुलगा रंगाने उजळ आहे म्हणून समाधान व्यक्त केलं आणि घरी आला. पण सावळेराम म्हणाला, "जीपमधी चवथी शीट मोकळी जातीय." म्हणून घेतला.

आता एक खाजगी. माझा एक मित्र आहे. तू त्याला ओळखत नाहीस. त्याला हल्ली विसरायला होतं. गोठ्यात जातो आणि कशाला आलो ते आठवत उभा राहतो. म्हैस त्याच्याकडे बघते, तो म्हशीकडे. गेल्या चतुर्थीला ओझरला दर्शन घेऊन तो दुसऱ्याचीच मोटारसायकल घेऊन घरी आला. किल्ली झिजलेली, ती लागली. त्याच्या वडिलांनाही शेवटी असंच झालं होतं, म्हणून त्याला धास्ती वाटते. बायकोला सांगितलेलं नाही. तू फोटो बघून काही कळलं तर, परवानगी नसली तरी, मित्राला सांगशील का? म्हणजे मला सांग, मी मित्राला सांगीन.

तुझा,
नाना


पुणे, २ फेब्रुवारी

नाना,

तुम्ही चौघे येऊन गेलात आणि आमच्या विभागात अजून दुसरा विषय नाही.

जीपमधून उतरलात तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. चिमाजीकाका सोडले तर सगळे दहा वर्षांनी तरुण. पुण्याची हवा लागायच्या आधीच! केवलचंदकाकांनी अंगावरचं सोनं उतरवायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात आमचे दोन फोटो झाले असते. 'अंगात कुठे लोखंड आहे का?' असं विचारलं तर म्हणाले, "पोटात आहे, डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्यात." सावळेरामकाका मशीन धडधडायला लागल्याबरोबर आतून ओरडले, "डबल बेल!" तुमचे ओठ पूर्ण वेळ हलत होते. अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हणता येतं, नाना.

बाकी सगळं ठीक. सॉफ्टवेअर आपलं काम करतंय.

सहज विचारते. जेवलात की जेवल्याचं आठवतं ना? काकींना नावाने हाक मारता ना? गावात चालता चालता मधेच थांबता का? बोलताना शब्द सापडत नाही असं होतं का? आणि जेवलात की आठवतं ना?

उत्तर लगेच पाठवा. सहजच.

समृद्धी


लोणी, ९ फेब्रुवारी

चि. समृद्धी,

तुझ्या प्रश्नांची क्रमाने उत्तरं देतो.

जेवल्याचं आठवतं. काय जेवलो ते आठवू नये अशी इच्छा असते, कारण तुझ्या काकीने सध्या तेल बंद केलं आहे. काकीला नावाने हाक मारत नाही. लग्न झाल्यापासून एकदाही मारलेली नाही. आमच्यात मारत नाहीत. 'अगं' म्हटलं की ती येते आणि 'अहो' म्हटलं की मी जातो, यात आजवर चुकामूक झाली नाही. गावात चालताना थांबतो. प्रत्येक ओट्यापाशी थांबावंच लागतं, नाहीतर माणसं म्हणतात चांगदेव माजला. बोलताना शब्द सापडत नाही, हे खरं आहे. पण तो काकी समोर असताना. एरवी सापडतो.

आता मी विचारतो. तुझी तब्येत बरी आहे ना? एकाच पत्रात 'जेवलात का' हे तू दोनदा विचारलंस. शेठना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "दिवसभर दुसऱ्यांची डोकी बघून पोरीचं स्वतःचं हललं. लगेच बदाम पाठवा." सोबत बदाम आहेत. ओझरचा अंगाराही आहे, तो कपाळाला लाव, बदाम खा. उलट करू नकोस.

माझ्या मित्राबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तो रोज डेअरीवर येऊन पोस्टमनची वाट बघतो.

नाना


पुणे, १५ फेब्रुवारी

नाना,

बदाम पोचले. खाता खाता रडले.

तो मित्र तुम्हीच ना? मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. तुमच्याशिवाय म्हशीच्या नजरेचा विचार कोण करतं?

मला सांगायची परवानगी नाही, तरी सांगते. तुमचा फोटो सॉफ्टवेअरने मोजला आणि टाळूखालचा मोठा तुकडा लाल रंगवला. तिथे मेंदू उरलाच नाही असं ते म्हणतं. मी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. आणि विचित्र गोष्ट अशी की लोणीच्या चौघांपैकी तिघांच्या डोक्यात अगदी त्याच जागी तेच लाल. एकच फोटो स्वच्छ आहे. नाव सांगत नाही, पण तो तुमचा नाही, सावळेरामकाकांचा नाही आणि केवलचंदकाकांचाही नाही.

आमचे सर खूश आहेत, याचा मला राग येतोय. एका गावात तिघांना एकाच ठिकाणी! त्यांनी याला 'लोणी नमुना' असं नावही ठेवलं. लोणीच्या विहिरींचं पाणी तपासायला माणूस पाठवायचं म्हणतात. मी मात्र रोज तुमचा तो लाल फोटो उघडते आणि बंद करते. नाना, मी पंधरा दिवसांत येते. तुम्हाला इथल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेते. काकींना तेव्हा दोघं मिळून सांगू.

समृद्धी


लोणी, २० फेब्रुवारी

चि. समृद्धी,

पत्र वाचलं आणि तसाच ओझरला गेलो. एसटीने गेलो. मोटारसायकलवर माझा भरवसा नाही, आणि आता तर डोक्यावरही नाही. देवापुढे उभा राहिल्यावर काही मागता आलं नाही. बरं कर म्हणावं, तर आबांसाठीही तेच म्हणालो होतो. नुसता उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "पावणं, सरका की पुढं." सरकलो.

शेठना आणि सावळेरामला सांगणं भाग होतं. शेठनी लगेच दुकानाच्या किल्ल्या मुलाला, जिनेशला दिल्या आणि दुपारी परत मागितल्या. मग ते गावभर क्षमा मागत फिरले. त्यांच्या जैनांत ती पर्युषणात मागायची असते, पण शेठ म्हणाले तोवर मागायची कशाची हे आठवायला नको का? सावळेरामने उलट हिशोब केला. त्याने सगळ्यांना माफ करून टाकलं. शेजारच्या एकाला तर त्याला कशाबद्दल माफ केलं हेच कळेना; त्यावरून भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

चौथा स्वच्छ फोटो कुणाचा, हे ओळखायला गावाला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून चिमाजी कुणाचं ऐकेनासा झालाय. लोक बोअरची जागा त्याला विचारतात, पोरांची स्थळं त्याला विचारतात. तो डोळे मिटतो, टकलावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "थांबा, मशीन चालू व्हऊ द्या." डेअरीच्या चेअरमननी टपाल वाटायचं जोखमीचं काम काढून त्याच्याकडे दिलंय.

मी ठीक आहे. गोठ्यात म्हशींच्या खुंट्यांवर त्यांची नावं खडूने लिहून ठेवली आहेत. तुझं नाव अजून कुठे लिहावं लागलेलं नाही.

आबा मला शेवटची दोन वर्षं हिऱ्या म्हणायचे. सुरुवातीला मी म्हणायचो, "आबा, मी चांगदेव." मग एकदा वाटलं, त्यांचा जीव सगळ्यात जास्त त्या बैलावर होता, त्याचं नाव ते मला देतायत. तेव्हापासून ओ देत गेलो. उद्या मी तुला हिऱ्या म्हणून हाक मारली, तर तू ओ देशील का?

नाना


लोणी, २४ फेब्रुवारी

समृद्धी पोरी,

मी काकी लिहिती. चवथीपर्यंतच शिकली, तवा अक्षराला हसू नको.

तुमचं दोघांचं गुपित मला कळलंय. काल चिमाजीभावजींनी तुझी सगळी पत्रं डेअरीच्या कपाटातनं काढून माझ्या हातात दिली आन् वर सांगितलं, "वहिनी, ही नानाकडं द्या. पर तुमी बघू नका, तुमच्यापासनं लपवायची हायेत."

पोरी, ह्यांना कसला आजार न्हाई. हे विसरत्यात ते फकस्त मी सांगितलेलं. दळण आणा म्हणलं की विसरलो. पावटं निवडा म्हणलं की विसरलो. बैलगाड्याच्या शर्यतीला घाटात कुठल्या साली कुणाची बारी किती सेकंदात बसली, ते विचार, झोपंत सांगत्यात. आन् ती मोटारसायकल! चष्मा लावला की म्हातारं दिसतंय म्हून चष्मा खिशात. मग लोकाची गाडी आणणार न्हाईतर काय इमान आणणार?

तरी चार-पाच रातीपासनं हे गुमान बसत्यात, म्हशीच्या खुंट्यावर खडूनं लिवत्यात. माझ्या जिवाला लई लागलं. तू लवकर ये.

आन् माझं एक भांडण येगळंच हाय. तुमच्या त्या फोटोपायी माझी लोखंडी कढई गेली. आईनं दिल्याली. पुण्याला जायच्या आदल्या दिशी हे चौघं आमच्या गोठ्यात बसलं. डोक्याचा फोटो निघायचाय, पुण्याच्या पोरी बघणार, पांढरं केस दिसाया नकोत, असं ठरलं. शेठनी दुकानातनं मेंदी आणली, माझ्या कढईत भिजवली. शेठ म्हणलं, लोखंड जेवढं जास्त तेवढा रंग काळा. झालं! सावळेरामभावजी पळत जाऊन लोहाराकडनं लोखंडाचा कीस ओंजळभर घेऊन आलं, तोबी कढईत. तिघांनी ते डोक्याला थापलं आन् पुण्याला निघूपातुर नीट धुतलंबी न्हाई, रंग चढावा म्हून. चिमाजीभावजींच्या डोक्याला केसच न्हाईत. ते आपलं चमच्यानं ढवळत बसलं व्हतं. ह्यांच्या उशीवर अजून गंज उतरतोय.

तुझ्या त्या मशीनीतनं नवी कढई निघती का, ते कळव.

तुझी काकी


पुणे, २६ फेब्रुवारी

काकी, नाना,

हे पत्र दोघांना, घरच्या पत्त्यावर. फोनच करणार होते, पण हसू थांबेना, बोलता येईना.

नाना, ते मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक आहे. डोक्याला लोखंडाचा कीस लावून कुणी त्याच्या आत गेलं, तर त्या जागेखालचा फोटो काळा येतो. म्हणून आम्ही विचारतो, लोखंड आहे का! आणि केवलचंदकाकांनी गोळ्या सांगितल्या, मेंदी नाही सांगितली.

पण खरी चूक माझी आहे. फोटो काळा आला तिथे सॉफ्टवेअरला मेंदू दिसला नाही, आणि मीच त्याला शिकवलं होतं की जे दिसत नाही ते गेलं असं समज. मूळ फोटो मी बघितलेच नाहीत, त्याने रंगवलेले तेवढे बघितले आणि रडत बसले. आज सरांना काकींचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी 'लोणी नमुना' लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला आणि कढई केवढी होती, असं विचारलं. आता मी सॉफ्टवेअरला नवीन शिकवलंय. जिथे दिसत नाही तिथे 'दिसत नाही' एवढंच म्हणायचं आणि माणसाला हाक मारायची.

तिघांचे फोटो पुन्हा काढायचे आहेत. तो कीस धुऊन जाणार नाही. डोकी सफाचट करून या. खरा फोटो बघितल्याशिवाय मलाही चैन पडणार नाही. या वेळी जे असेल ते तोंडावर सांगायची परवानगी सरांनी दिलीये.

काकी, कढई माझ्याकडून.

समृद्धी

ता. क. नाना, देईन ओ. पहिल्या हाकेला.


लोणी, १८ मार्च

चि. समृद्धी,

'सगळे बांध जागच्या जागी आहेत, नाना,' असं तू दवाखान्याच्या दारात म्हणालीस तेव्हा मी नुसता चपला घालत राहिलो, म्हणून तुला वाटलं असेल की मला ऐकू आलं नाही. आलं होतं. काल चतुर्थीला ओझरला जाऊन ते देवाच्या कानावर घातलं. या वेळी मागचा माणूस ढकलत होता तरी सरकलो नाही.

दिसत नाही म्हणून नाही म्हणायचं नाही, हे तू मशीनला शिकवलंस, ते मला फार आवडलं. आमचं देवळात जाणं त्याच्यावरच चाललेलं आहे.

परतीची हकिकत तुला माहीत नाही. तिघं गुळगुळीत डोक्यांनी स्टँडवर उतरलो. समोरच्या हॉटेलवाल्याने आम्हाला बघून भट्टीखालचा गॅस बंद केला आणि हात जोडले. एका गावात तीन घरचे पुरुष एकदम डोकं करून आले म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सावळेरामच्या दारात बायका रडायला बसल्या होत्या; कोण गेलं ते ठरलं नव्हतं, पण रडणं सुरू झालं होतं. शेठकडे राजस्थानातून फोन आले. एका पुढाऱ्याचा माणूस मला गाठून म्हणाला, "भाऊ, दहावा कधी धरलाय? सायबांना श्रद्धांजलीचं भाषण करायचंय, दोन ठिकाणी आधीच हाय म्हणत्यात." मी म्हणालो, "कुणी गेलेलं नाही." तो म्हणाला, "ठीक हाय, ठरलं की कळवा."

चिमाजीचा तोरा काही उतरलेला नाही. "तुमी नापास झाल्यालं, दुसऱ्यांदा बसून पास झालात. मी पहिल्या झटक्यात."

तू आता चष्म्याबद्दल विचारशील. लावतो. म्हशी ओळखू येतात. खुंट्यावरचा खडू पुसला.

एक गोष्ट तुलाच सांगतो. त्या वीस दिवसांत मला एकच विचार छळत होता. आबा सगळ्यांची नावं विसरले, पण निदान एके काळी त्यांनी ती घेतली तरी होती. तुझ्या काकीचं नाव मी कधी घेतलंच नाही. जे वापरलंच नाही ते विसरलो तर मला कळणारही नाही. म्हणून त्या दिवशी स्टँडवरून घरी आलो, अंगणात उभा राहिलो आणि मोठ्याने हाक मारली, "कुशा!"

ती हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आली. माझं बोडकं डोकं बघितलं आणि पांढरीफटक पडून म्हणाली, "अवो, खरंच कोण गेलं?"

म्हटलं, "कुणी न्हाई. डोकं नीट हाय. नाव घेऊन बघितलं."

तिने उलथनं ओट्यावर ठेवलं. मग पदराने डोळे पुसले, आत वळली, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "दळण आणलं का?"

समृद्धी, देवाशपथ सांगतो, या वेळी मी खरोखर विसरलो होतो. पण तुझ्या रिपोर्टनंतर या घरात ते कुणालाच पटत नाही.

तुझा,
नाना